हिस्लॉपसाहेब आणि टाकळघाटचा रस्ता

(तृतीय वर्ष, स्थापत्य)

आमच्या सायकल ट्रिपची सुरुवात भांडणाने झाली. माझ्या रूम पार्टनरने गावाहून नवी गिअरची सायकल आणली होती आणि त्याला एका दिवसात शंभर किलोमीटर करायचे होते. कुठे जायचं याच्याशी त्याला काही घेणंदेणं नव्हतं. रामटेक म्हणा, पारडसिंगा म्हणा, मीटरवर शंभर दिसले की झालं! मला मात्र टाकळघाटला जायचं होतं. सदरहून टाकळघाट म्हणजे जाऊन-येऊन पंचाहत्तरच्या आसपास. पंचवीस कमी पडतात म्हणून तो रात्री अकरापर्यंत कुरकुरत होता. शेवटी असं ठरलं की परत आल्यावर उरलेले किलोमीटर कामठी रोडवर भरून काढायचे. ते अर्थातच भरले गेले नाहीत. का, ते पुढे सांगतो.

टाकळघाटच का, हा प्रश्न मेसमध्ये सगळ्यांनीच विचारला. तिथे ना धबधबा, ना किल्ला. बुटीबोरीच्या एमआयडीसीपलीकडचं, हिंगणा तालुक्यातलं एक गाव. पण आमच्या इंजिनिअरिंग जिऑलॉजीच्या तासाला सरांनी एकदा सहज सांगितलं होतं की नागपूरच्या दगडांचा ज्यांनी पहिल्यांदा नीट अभ्यास केला ते हिस्लॉपसाहेब टाकळघाटहून घोड्यावर परत येताना वाटेतल्या ओढ्यात बुडाले. हिस्लॉप म्हणजे आपलं हिस्लॉप कॉलेज, जिथल्या गॅदरिंगला घुसायचा आपण दरवर्षी प्रयत्न करतो, ते! मला तोपर्यंत वाटायचं की हिस्लॉप हा कुणी तरी गव्हर्नर असावा. तो माणूस साधा मास्तर होता आणि आपल्या वर्धा रोडवर मेला, हे ऐकल्यापासून डोक्यातून जाईना.

सप्टेंबरचा पहिला आठवडा होता. पहाटे साडेपाचला निघालो. सदर तेव्हा झोपलेलं असतं. रेसिडेन्सी रोडवर फक्त दूधवाले आणि पेपरवाले. पार्टनरची नवी सायकल आणि माझी बाबांच्या वेळची बावीस इंची, जिची चेन दर दहा किलोमीटरला एकदा उतरतेच. निघायच्या आधी मी त्याला उलट्या दिशेने टाकळीकडे न्यायला बघत होतो. टाकळी म्हणजे काटोल रोडची, आपल्यापासून दोन-तीन किलोमीटरवरची. त्याने साफ नकार दिला. पण गोष्ट खरं तर टाकळीपासूनच सुरू होते, म्हणून वाचकांना तरी तिकडून नेतो.

स्टीफन हिस्लॉप यांचा जन्म ८ सप्टेंबर १८१७ चा, स्कॉटलंडमधल्या डन्स नावाच्या लहानशा गावातला. हे गाव बेरिकशायर परगण्यात येतं. आपल्या जिऑलॉजीच्या पुस्तकात अनकन्फर्मिटीच्या धड्यात सिकार पॉइंटचं चित्र आहे, आठवतं का? उभ्या थरांवर आडवे थर बसलेले. जेम्स हटन यांनी १७८८ साली तो कडा बघितला आणि पृथ्वी काही हजार वर्षांची नसून अतिप्राचीन आहे हे त्यांच्या मनात पक्कं झालं. तो कडा याच परगण्यातला. हिस्लॉप लहानपणापासून किडे, झाडपाला, दगड गोळा करायचे. शिक्षण एडिंबरो आणि ग्लासगोला झालं. पण ते वैज्ञानिक झाले नाहीत, पाद्री झाले. १८४३ साली स्कॉटलंडच्या चर्चमध्ये फूट पडून फ्री चर्च वेगळं निघालं, त्या नव्या चर्चने त्यांना हिंदुस्थानात पाठवायचं ठरवलं. नागपूरला मिशन काढावं म्हणून मद्रास फौजेतल्या सर विल्यम हिल यांनी पैसे दिले होते. १८४४ साली हिस्लॉप यांचं लग्न झालं आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात नवरा-बायको मुंबईच्या बंदरात उतरले. १८४५ च्या सुरुवातीला ते नागपूरला पोचले. रेल्वे नागपूरला आली १८६७ साली, म्हणजे त्यांच्या येण्यानंतर बावीस वर्षांनी. मुंबई ते नागपूर हा प्रवास कसा केला असेल याचा विचार मी वर्धा रोडवर, खापरीच्या पुढे, समोरून वारा लागल्यावर बराच वेळ केला.

तेव्हा नागपूर इंग्रजांचं नव्हतं. गादीवर तिसरे रघुजी भोसले होते. इंग्रजांचा रेसिडेंट सीताबर्डीला आणि फौजेची मोठी छावणी कामठीला. आपण ज्या सदर बाजारात मोमोज खातो तो भागही छावणीच्या आधाराने वाढलेला. सदरचं ऑल सेंट्स चर्च १८५१ चं आहे. हिस्लॉप यांनी मराठी शिकून घेतली आणि १८४६ साली शाळा सुरू केली. मिशनचं काम नागपूर आणि कामठी अशा दोन्ही ठिकाणी चालायचं. मधलं अंतर पंधरा किलोमीटर. घोडा हे त्यांचं रोजचं वाहन, आपली सायकल असते तसं.

आता एक गोष्ट सरळ सांगून टाकतो. ते इथे धर्मप्रसारासाठी आले होते. त्यात त्यांना फार यश आलं असं नाही. धर्म बदलणारे मोजकेच निघाले आणि त्यावरून शहरात तंटेही झाले. लोकांनी साहेबांचा धर्म बाजूला ठेवला आणि शाळा तेवढी घेतली, असं मला वाटतं. त्याच शाळेच्या कामातून पुढे १८८३ साली कॉलेज निघालं आणि त्याला त्यांचं नाव दिलं. नागपूर विद्यापीठ निघायला १९२३ उजाडलं, त्यामुळे सुरुवातीला या कॉलेजची पोरं परीक्षा द्यायची ती थेट कलकत्ता विद्यापीठाची!

१८४७ साली त्यांच्या जोडीला रॉबर्ट हंटर नावाचा सहकारी आला. हाही पाद्री आणि हाही दगडवेडा. दोघं तरुण. अशी जोडी जमली की काय होतं ते हॉस्टेलमध्ये राहणाऱ्यांना सांगायला नको. शाळा सुटली की हे दोघं हातोडी घेऊन भटकायचे. १८५१ साली त्यांना टाकळीला काळ्या दगडाच्या दोन थरांमध्ये अडकलेला एक वेगळाच थर सापडला. त्यात गोगलगायी होत्या! दगड झालेल्या, पण शंख ओळखू येतील अशा.

सिव्हिलवाल्यांनी इथे जरा लक्ष द्यावं, बाकीच्यांनी परिच्छेद सोडला तरी चालेल. नागपूर ही मोठ्या गमतीच्या जागी वसलेलं आहे. शहराच्या पश्चिमेला बेसाल्ट, म्हणजे दख्खनचा लाव्हा, जो इथून पार मुंबईपर्यंत पसरला आहे. पूर्वेला त्याहून कितीतरी जुने नाइस जातीचे खडक आणि उत्तरेला कामठीचा वाळूचा दगड. म्हणजे लाव्हाची कड आपल्या शहरातून जाते. हा लाव्हा एका दमात आलेला नाही. एक लोंढा आला, थंड झाला, मग मध्ये बराच काळ गेला. त्या काळात वरच्या खड्ड्यांत पाणी साचून तळी झाली. तळ्यांत गोगलगायी, शिंपले, काठावर झाडं, झाडांवर किडे. मग दुसरा लोंढा आला आणि सगळं झाकून गेलं. त्या दोन लोंढ्यांमधल्या तळ्याच्या गाळाला आपण परीक्षेत इंटरट्रॅपियन बेड असं लिहितो आणि दोन मार्क मिळवतो. हिस्लॉप आणि हंटर यांनी त्या गाळातून शंख, बिया, फळं, इतकंच काय भुंग्यांचे पंखसुद्धा वेचून काढले आणि लंडनला पाठवले. नागपूरच्या आसपासच्या दगडांवर आणि जीवाश्मांवर दोघांनी मिळून लिहिलेला निबंध लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या त्रैमासिकात १८५५ साली छापून आला. आज या लाव्हाचं वय साधारण साडेसहा कोटी वर्षं धरतात, म्हणजे डायनोसॉर संपले तो काळ. हिस्लॉप यांनी तो गाळ त्यानंतरच्या युगातला मानला होता. त्या काळी वय मोजायचं यंत्र नव्हतं, शंखांच्या आकारावरून अंदाज बांधावा लागे. त्या मानाने फार चुकले नाहीत.

त्यांनी फक्त टाकळीच धुंडाळली असं नाही. कामठीच्या बाजूला सिल्लेवाड्याला त्यांना वाळूच्या दगडात पानांचे ठसे मिळाले. त्यातलं एक पान जिभेसारखं लांबट, ग्लॉसोप्टेरिसचं. पुढे हेच पान आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, दक्षिण अमेरिका आणि अंटार्क्टिकातही सापडलं. हे सगळे खंड एके काळी जोडलेले होते या म्हणण्याला त्याच्यामुळे मोठा आधार मिळाला. सिल्लेवाड्याला नंतर कोळशाची खाण झाली. शेजारी खापरखेड्याला वीज केंद्र आहे. रात्री सबमिशन लिहिताना जळणाऱ्या ट्यूबलाइटमागे त्याच काळच्या झाडांचा कोळसा आहे, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. दक्षिणेला मांगली गावच्या दगडात मिळालेली बेडकाच्या जातभाईची कवटी त्यांनी विलायतेला पाठवली. तिचं वर्णन केलं रिचर्ड ओवेन यांनी, ज्यांनी डायनोसॉर हा शब्दच तयार केला. नागपूरच्या पाण्यात मिळालेल्या एका सूक्ष्म प्राण्याच्या वंशाला हिस्लोपिया नाव मिळालं, एका हिरवट खनिजाला हिस्लोपाइट. हंटर यांच्याही नावाचं एक खनिज झालं. मित्रांची नावं खनिजांच्या यादीत शेजारी-शेजारी लागावीत, यापेक्षा चांगली मैत्री काय असू शकते!

पण हंटर यांची तब्येत बिघडली आणि १८५५ साली ते परत गेले. पुढे त्यांनी इंग्रजीचा एक अनेक खंडांचा कोश संपादित केला. हिस्लॉप मागे राहिले.

इथपर्यंतची गोष्ट मी पार्टनरला चिंचभवनपर्यंत सांगून संपवली होती. वर मेट्रोचे खांब संपत आले होते आणि ट्रक सुरू झाले होते. पुढची गोष्ट सांगितल्यावर मात्र तो बिथरला. १८५३ च्या डिसेंबरात रघुजी वारले, त्यांना मुलगा नव्हता आणि डलहौसीने राज्य खालसा केलं. मग १८५७ आलं. टाकळीलाच तेव्हा घोडदळाच्या तुकडीची लाईन होती. १३ जूनच्या रात्री उठाव करायचा असं त्या घोडेस्वारांचं आणि शहरातल्या काही जणांचं ठरलं होतं. तो फसला, पुढे काही जणांना फाशी झाली. हिस्लॉप यांचे चरित्रकार सांगतात की त्यांच्या ओळखीच्या एका मुसलमान माणसाने त्यांना आधी सावध केलं होतं आणि त्यांनी ती खबर अधिकाऱ्यांना दिली. पार्टनरचं म्हणणं पडलं की मग हा तुझा साहेब खबऱ्याच निघाला, त्याच्यासाठी आपण पंचाहत्तर किलोमीटर पायडल का मारून राहिलो? मी म्हटलं, त्याच्या बायकापोरांचा जीव होता त्या शहरात. तो म्हणाला, फाशी गेलेल्यांनाही बायकापोरं होती. यावर मला उत्तर सुचलं नाही, आजही सुचलेलं नाही. डोंगरगावपर्यंत आम्ही गप्प सायकल चालवली.

बुटीबोरीला पोचलो तेव्हा साडेआठ झाले होते. चौकातल्या टपरीवर तर्री-पोहे खाल्ले, दोन-दोन प्लेट. मग पार्टनरचा मूड सुधारला आणि त्याने स्वतःहून पुढचं विचारलं.

पुढचं असं. १८६१ साली मध्य प्रांत तयार झाला आणि नागपूर राजधानी झाली. चीफ कमिशनर म्हणून आले रिचर्ड टेंपल, जे पुढे मुंबईचे गव्हर्नरही झाले. टेंपल म्हणजे घोड्यावरून सतत फिरणारा, कागदांवर कागद लिहिणारा अधिकारी. नव्या प्रांतात काय-काय आहे हे त्यांना माहीत करून घ्यायचं होतं आणि ते माहीत असलेला माणूस नागपुरात एकच होता. एक राज्यकर्ता, एक शाळामास्तर, पण दोघांची गट्टी जमली. आज हिस्लॉप कॉलेजचा पत्ता टेंपल रोड असा आहे. मी पहिल्या वर्षी त्या रस्त्यावर देऊळ शोधलं होतं, हे कबूल करतो. अजब बंगला, म्हणजे आपलं मध्यवर्ती संग्रहालय, १८६३ साली सुरू झालं तेही टेंपल यांच्याच काळात.

तोपर्यंत हिस्लॉप यांचं लक्ष दगडांवरून माणसांकडे वळलं होतं. गावोगाव फिरताना त्यांना गोंड भेटत. त्यांची भाषा मराठीहून अगदी वेगळी, द्राविडी कुळातली, हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी गोंडी शब्दांच्या याद्या केल्या. परधान लोक गोंडांच्या कुळकथा गातात. अशा एका परधानाकडून त्यांनी लिंगोची कथा मूळ गोंडीत उतरवून घेतली. महादेवाने गुहेत कोंडून ठेवलेल्या गोंडांना लिंगो सोडवतो, त्यांना शेती, घरं, कुळं, लग्नाचे नियम देतो, अशी ती मोठी कथा आहे. आज गोंदिया जिल्ह्यात कचारगडला माघ पौर्णिमेच्या यात्रेला लाखो लोक जमतात ते याच कथेच्या श्रद्धेने. धर्म शिकवायला आलेला माणूस दुसऱ्यांच्या देवाची कथा इतक्या निगुतीने का लिहून घेत बसला? मला वाटतं, टाकळीच्या गोगलगायी वेचल्या त्याच सवयीने. हाताला लागलेलं काही टाकून द्यायचं नाही, हा स्वभाव. तो परधान मात्र नाव न नोंदता गेला, हे मला खटकतं. कथा त्याची होती.

आणि मग ती शिलावर्तुळं. नागपूरच्या आसपास मोठमोठे गोटे गोलाकार मांडून ठेवलेले दिसतात. काटोल रोडवर जुनापाणीला अशी शेकड्यांनी आहेत. ती अडीच हजार वर्षांपूर्वीच्या लोकांची थडगी आहेत हे आता आपल्याला माहीत आहे. आतमध्ये मडकी, लोखंडी अवजारं, आणि विशेष म्हणजे घोड्यांचे लगाम आणि घोड्यांचे तांब्याचे दागिने सापडतात. मेलेल्या माणसाबरोबर त्याच्या घोड्याचं सामान पुरणारे ते लोक होते. लोखंड गाळायची त्यांची भट्टी रामटेककडच्या नायकुंडला १९७० च्या दशकात उत्खननात मिळाली. मेटलर्जीवाल्यांनी एकदा जाऊन यावं. टाकळघाट आणि त्याशेजारच्या खापा इथे नागपूर विद्यापीठाने १९६८-६९ मध्ये शास्त्रशुद्ध उत्खनन केलं. पण तिथे कुदळ मारली गेली होती ती त्याच्याही शंभरेक वर्षं आधी, ४ सप्टेंबर १८६३ रोजी, टेंपल आणि हिस्लॉप यांच्या समोर.

टेंपल यांची छावणी बोरीला पडली होती. बोरी म्हणजे आजचं बुटीबोरी, जिथे आम्ही पोहे खाल्ले. दोघं घोड्यावरून टाकळघाटला गेले. वर्तुळं खणून बघितली. काम झाल्यावर टेंपल छावणीकडे परतले. हिस्लॉप यांना मात्र टाकळघाटच्या शाळेतल्या पोरांची परीक्षा घ्यायची होती, म्हणून ते मागे थांबले. एवढीच गोष्ट. खेड्यातली एक लहानशी शाळा, तिची परीक्षा दुसऱ्या दिवशी घेतली असती तरी चाललं असतं, चीफ कमिशनरचं बोलावणं असताना तर नक्कीच. पण ठरलेलं होतं म्हणून घेतली.

परीक्षा संपवून ते एकटे निघाले तोवर अंधार पडत आला होता. वाटेतला ओढा पावसाने फुगला होता. बोरीच्या छावणीत घोडा एकटाच परत आला. पाठीवर कुणी नाही. टेंपल यांनी ताबडतोब माणसं पाठवली, शोधाशोध झाली आणि पाण्यात हिस्लॉप यांचा मृतदेह मिळाला. वय पंचेचाळीस. चार दिवसांनी सेहेचाळीस झाले असते. नागपुरात येऊन अठरा वर्षं झाली होती.

टेंपल यांनी मित्राचे कागद गोळा केले. गोंडी शब्द, लिंगोची कथा, वर्तुळांची टिपणं, सगळं अर्धवट होतं. प्रांताचा कारभार सांभाळून त्यांनी स्वतः ते नीट लावलं आणि १८६६ साली पुस्तक छापलं, हिस्लॉप यांच्या नावाने. मला टेंपल या अधिकाऱ्याबद्दल फारसं प्रेम नाही. पण ओढ्याच्या अलीकडे सुखरूप पोचलेल्या माणसाने तीन वर्षं त्या कागदांवर काय विचार केला असेल, हे मनात येतंच.

टाकळघाटला आम्ही अकराच्या सुमारास पोचलो. एका वावराच्या बांधापलीकडे अर्धे मातीत गेलेले गोटे दिसले. सोयाबीन चांगलं कमरेएवढं झालं होतं त्यामुळे गोल नीट लागेना. शेतमालक बंडीजवळ उभा होता. आम्ही जमीन बघायला आलेले दलाल नाही अशी खात्री पटल्यावर त्याने आत जाऊ दिलं. मी गोट्यांचा व्यास पावलांनी मोजत होतो, पार्टनर सावलीत झोपला. दगड बेसाल्टचेच, कडा गोल झालेल्या. कुणी तरी हे नाल्यातून ओढत इथवर आणले, एकेक करून. क्रेन नाही, चेन पुली नाही. मी वहीत आकृती काढत बसलो आणि वेळ कसा गेला कळलं नाही.

तीन वाजता पार्टनर वैतागला. त्याला संध्याकाळी घरून फोन येणार होता आणि त्याच्या मोबाईलची बॅटरी संपत आली होती. माझी तर सकाळीच संपली होती. वर आभाळ भरून आलं होतं. मी म्हटलं, तू हो पुढे, मला गावातली शाळा बघायची आहे, अर्ध्या तासात बुटीबोरीला गाठतो. तो गेला. आपण काय बोललो हे मला तो वळणावरून दिसेनासा झाल्यावर लक्षात आलं. हसू आलं, आणि मग जरा विचित्रही वाटलं.

शाळा सुटलेली होती. व्हरांड्यात दोन पोरं गोट्या खेळत होती, त्यांनी माझ्या सायकलची घंटी वाजवून बघितली. निघालो आणि पाच मिनिटांत पाऊस सुरू झाला. आपल्याकडचा सप्टेंबरचा पाऊस, म्हणजे समोरचं दिसत नाही असा. मी पक्का रस्ता सोडून वावरातली जवळची वाट धरली होती, ती माझीच चूक. पुढे नाल्यावर एक रपटा होता आणि रपट्यावरून पाणी वाहत होतं. फार नाही, घोट्याच्या वर, गढूळ. कडेचे दगड दिसत नव्हते. सायकल खांद्यावर घेतली तर सहज पार होईल असं वाटत होतं. अगदी सहज. मी पाय टाकलासुद्धा. पाण्याला जोर किती असतो ते फ्लुइड मेकॅनिक्सच्या जर्नलमध्ये कळत नाही, पायाला कळतं. मागे आलो आणि बाभळीखाली पाऊण तास भिजत उभा राहिलो. पाणी उतरायचं चिन्ह दिसेना, तेव्हा उलटा फिरून गावात आलो आणि पक्क्या रस्त्याने निघालो. वाटेत चेन दोनदा उतरली.

बुटीबोरीच्या अलीकडे, साधारण एक किलोमीटरवर, समोरून कुणी तरी पावसात सायकल दामटत येताना दिसलं. पार्टनर होता. चौकात तासभर थांबून शेवटी तो मला शोधायला उलटा निघाला होता. त्याने मला बघितलं, सायकल वळवली आणि एक शब्द न बोलता पुढे लागला. टपरीवर त्याने दोन चहा सांगितले. माझा चहा माझ्यापुढे सरकवला, पण बोलला नाही. डोंगरगाव गेलं, खापरी गेली, मेट्रोचे खांब सुरू झाले तरी नाही. अजनीच्या चढावर मी त्याला मीटरवर किती झाले ते विचारलं. एक्याऐंशी, म्हणाला. कामठी रोडचं नाव दोघांनीही काढलं नाही. सदरला पोचलो तेव्हा मेस बंद झालेली होती.